पुढच्या स्टार्टपासून लागू

“सर, फाईल तं बरोबर गेली, पण हे अजून जुन्याच आकड्यावर चालून राह्यलं,” मंजुश्री म्हणाली. तिच्या टेबलावर काडेपेटीएवढी बारा यंत्रं ओळीने मांडलेली होती. देऊळगाव राजाकडच्या एका शेडनेटमध्ये, हिरव्या जाळीच्या मांडवात, ती टांगायची होती. आतली हवा किती तापली, किती दमट झाली, हे त्यांनी तारेवाचून कळवायचं. राजकुमार खिडकीशी उभा राहून चहा पीत होता. बुलढाण्यात चिखली रोडला दोन खोल्या घेऊन त्याने हा धंदा थाटला त्याला सात वर्षं झाली होती, आणि असल्या तक्रारी दिवसाला दहा येत. मान न वळवताच त्याने विचारलं, “रिस्टार्ट केलंस?” “नाही सर. मागं फाईल टाकली की लगेच घेत होतं नं?” “ते जुन्या लायब्ररीत. नव्या लायब्ररीत यंत्र फाईल एकदाच वाचतं, सुरू होताना. मधे तू कितीही वेळा फाईल बदल, ते आपलं...” एवढं बोलून तो थांबला. वाक्य पुरं करायला अवघड नव्हतं. ते आपलं आधीच्याच आकड्यावर चालत राहतं, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात मंजुश्रीने यंत्राचं बटण दाबून धरलं, हिरवा दिवा विझला, पुन्हा लागला, आणि ती आनंदाने म्हणाली, “झालं सर! घेतला पाच मिनिटांचा आकडा.” राजकुमारने कप खिडकीत ठेवला.

“मंजुश्री, ही नवी लायब्ररी आपण कधी घातली?” “एप्रिलच्या शेवटी. तुम्हीच म्हटलं होतं नं, सगळ्यायच्यात एकदम टाकून देऊ.” सगळ्यांच्यात. होय, तोच म्हणाला होता. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी तरी आधीच करून ठेवलेलं काम. यंत्राने झोपायचं कसं, उठायचं कसं, हवेतून हाक कशी मारायची, हे सगळं त्यात आयतं असतं. आपण फक्त सोबत एक लहानशी फाईल द्यायची: तुझं नाव काय, हाक कोणाला मारायची, दर किती वेळाने मारायची. फाईल नसेल तर लायब्ररी ठरीव आकडा घेते, आणि तो ठरीव आकडा राजकुमारने आपल्या हाताने लावला होता, सहा तास. का नाही लावणार? त्याची बहुतेक यंत्रं मातीचा ओलावा मोजायला जमिनीत पुरलेली, वर नुसता एक खांब. जमीन काही उठून कुठे जात नाही. सहा तासांतून एकदा बोललं तरी पुष्कळ झालं, सेल दोन-दोन वर्षं टिकतो. पण त्या सगळ्यांच्यात एक यंत्र असं होतं, की ते जमिनीत पुरलेलं नव्हतं. ते त्याच्या वडिलांच्या, शेषरावांच्या बंडीच्या खिशात शिवलेलं होतं. आणि आबा उठून जायचे.

त्याने कपाटाचा खालचा कप्पा ओढला. अकरा मेच्या संध्याकाळी गावी, उंद्रीत, आबांच्या अंगावरून बंडी काढली, तेव्हा त्यानेच खिशाची शिवण उसवून हे यंत्र काढून घेतलं होतं. मग ते इथे आणून टाकलं, आणि चार महिन्यांत एकदाही हातात धरलं नाही. सगळ्यांना त्याने सांगितलं, रेंज गेली असेल, सेल बसला असेल. स्वतःलाही तेच सांगितलं. दुसऱ्याचं यंत्र बंद पडलं तर तो तासन्‌तास त्याची नाडी बघत बसे, आणि बापाचं यंत्र मात्र त्याने चिंधीत गुंडाळून पंक्चरच्या सामानाखाली ढकललं होतं. माणूस न बघण्याचं ठरवतो ते उगाच नाही ठरवत. त्याने केबल लावली. पडद्यावर आधी जुनी नोंद आली: शेवटचा स्टार्ट तीन मे, सकाळी अकरा चाळीस. हाक मारण्याचं अंतर सहा तास. त्याखाली, यंत्राच्या पोटात जशीच्या तशी पडून राहिलेली त्याची फाईल: नाव आबा, अंतर पाच मिनिटं. ही फाईल आली होती तीन मेच्या दुपारी, दोन वाजून काही मिनिटांनी. आणि तो हे वाचतोय तोवर, केबलमधून वीज मिळाल्यामुळे यंत्र नव्याने सुरू झालं, त्याने शहाण्यासारखी फाईल वाचली, आणि त्याचा फोन टेबलावर थरथरला. आबा घरापासून लांब आहेत. पाच मिनिटांनी पुन्हा थरथरला. आबा घरापासून लांब आहेत. तिसऱ्या वेळी मंजुश्रीने वळून पाहिलं. “सर, बरं नाही वाटून राह्यलं का?” त्याने केबल उपटली. “उंद्रीला जाऊन येतो,” तो म्हणाला, “आत्या उद्या चालली.”

आत्या म्हणजे झुंबरबाई, आबांची धाकटी बहीण. लग्नानंतर सहा वर्षांत नवरा गेला, पोटी मूल नाही, म्हणून मेहकरकडच्या आपल्या सासरहून ती भावाच्या घरी आली ती चाळीस वर्षं तिथेच राहिली. राजकुमारची आई गेल्यावर तर तीच त्या घराची आई झाली. आणि शेवटची तीन वर्षं, आबांना माणसं ओळखू येईनाशी झाली तेव्हापासून, तिने भावाला लेकरासारखं सांभाळलं; न्हाऊ घातलं, भरवलं, रागावली, पुन्हा कुरवाळलं. त्या बाईला उद्या तिच्या नवऱ्याचा पुतण्या महादेवराव येऊन घेऊन जाणार होता. ते तिच्या मनात नव्हतं, कोणी तिला जा असंही म्हटलं नव्हतं. पण ज्या घरात आपल्याशी सगळे फक्त कामापुरतं बोलतात, त्या घरात चार महिने काढले की माणूस स्वतःच पेटी भरायला घेतो. गाव तर उघडच बोलत होतं. म्हाताऱ्याला एकटा टाकून ही पापड लाटायला गेली. कडीसुद्धा लावली नाही. भाऊ उन्हात पाय भाजत मेला, आणि ही बाई गप्पा मारत बसली होती.

बस चिखलीकडे निघाली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. राजकुमारला खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडू लागलं होतं, मधून तुरीचे उंच हिरवे तास. शेताच्या बांधांवर कुठे कुठे त्याच्या यंत्रांचे पांढरे खांब दिसत. एरवी ते दिसले की त्याला अभिमान वाटायचा. आज त्याने डोळे मिटून घेतले, तर आतमध्ये आबांचा आवाज सुरू झाला. आबा चिखलीच्या मार्केटात मापारी होते, तेहेतीस वर्षं. माप घालताना ते पहिल्याला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. सगळेच मापारी म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. त्या आवाजात असा ठेका असे, की लहानपणी राजकुमारला वाटायचं, धान्य आबांच्या ऐकण्यातलं आहे. पुढे सगळं विसरलं, बायकोचं नाव, मुलांची नावं, जेवलो की नाही जेवलो, पण तेवढं राहिलं. घरातून निसटले की पावलं मोजत चालायचे. लाभ, दोन, तीन. आणि चालायचे ते नेहमी एकाच दिशेला, चिखलीच्या जुन्या पांधणीने, शेतांमधल्या गाडीवाटेने, कारण तोलाची वेळ झाली होती आणि व्यापारी खोळंबले होते. दोनदा गावच्या माणसांनी हाताला धरून आणून सोडलं. दुसऱ्या वेळी आत्या राजकुमारच्या गळ्यात पडून रडली. “राजू, मी म्हातारी बाई, किती पाहारा देऊ रे याच्यावर? न्हाणीत गेली तरी जीव दाराशी ऱ्हायते.” त्या रात्रीनंतर आठवड्याभरात त्याने ते यंत्र केलं. आबा गल्लीच्या बाहेर गेले की त्याचा फोन वाजणार, तो घरी फोन करणार. आत्याने आपल्या हाताने बंडीला आतून खिसा शिवला. आणि राजकुमार तिला म्हणाला होता, अगदी याच शब्दांत म्हणाला होता: “आत्या, आता तू बिनधास्त जात जा बाहेर. तुह्याऐवजी हे पाहारा देईन.”

सहा महिने यंत्राने पहारा दिला. दोन वेळा वाजलं, दोन्ही वेळा आबा मारुतीच्या देवळाच्या अलीकडेच सापडले. आत्या तीन वर्षांत पहिल्यांदा भजनाला जाऊन आली आणि आल्यावर लहान मुलीसारखी किती वेळ बोलत राहिली. मग उन्हाळा आला. उन्हाळ्यात पापड लाटायला बायकांनी एकमेकींकडे जायचं असतं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. जी जात नाही, तिच्या घरी कोणी येत नाही. आत्याच्या घरी सगळ्या येऊन गेल्या होत्या. अकरा मेला तिच्यावर परतफेडीची पाळी होती. राजकुमारचा थोरला भाऊ उत्तमदादा चिखलीला गेलेला, वहिनी माहेरी. आबा जेवून झोपले हे पाहून ती साडेअकराला समोरच्या आळीत गेली, आणि दोनला हातांना पीठ लागलेलं असतानाच धावत परत आली, कारण कोणी तरी सहज विचारलं होतं, शेषरावभाऊ आज कुठे? खाटेवर आबा नव्हते. गाव पांधणीने शोधत फिरलं, पण साडेपाचला शेळ्या राखणाऱ्या एका बाईला ते पांधणीपासून आत, आडबाजूच्या लिंबाखाली सापडले. पायांत चप्पल नव्हती. आणि तेराव्याला, सगळे जेवून उठल्यावर, राजकुमार आत्याला काय म्हणाला? ओरडला नाही तो. ओरडला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू, शिकलेल्या माणसाच्या समजूतदार आवाजात तो म्हणाला, “आत्या, एक दिवस कडी लावली असती तं काय झालं असतं व?” तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून उष्टी पत्रावळ उचलली. तूच म्हणाला होतास बिनधास्त जा, हे ती तेव्हाही म्हणाली नाही आणि नंतरही कधी म्हणाली नाही. त्या दिवसापासून ती उंबरठ्याबाहेर पडलेली नव्हती.

चिखलीला बस बदलेपर्यंत राजकुमारने आपली बाजू बऱ्यापैकी जमवून आणली होती. मन हे फार हुशार वकील असतं. जुनी लायब्ररी फाईल लगेच घेत होती, नवी घेत नाही, हे त्याला तीन मेला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं; ते त्याला जूनमध्ये एका शेडनेटवर कळलं. नव्या लायब्ररीसोबतची टिपणं त्याने वाचली नव्हती, पण ती कोण वाचतं? फोन वाजला नाही, तर त्याच्याही लक्षात आलं नाही. बोंबलणाऱ्या यंत्राकडेच आपलं लक्ष जातं, गप्प राहिलं की सगळं ठीक आहे असं आपण धरून चालतो. चूक झाली, पण ती अज्ञानाची होती. अज्ञानाला क्षमा आहे. उंद्रीची बस अमडापूरच्या पुढे गेली आणि खिडकीतून ऊन त्याच्या मांडीवर आलं. तिथे हात ठेवला तेव्हा मांडी उबदार लागली, आणि त्या उबेबरोबर तीन मेची ती दुपार आली, तिच्या सगळ्या तपशिलांसह, कोणी न बोलावता.

रविवार होता. सेल बदललेलं, नवी लायब्ररी घातलेलं यंत्र घेऊन तो सकाळी गेला, आत्याने ते पुन्हा खिशात घालून वर चार टाके मारले. जेवणानंतर आबा खाटेवर झोपले. दोन रात्री ते झोपले नव्हते, सारखे उठून तोलाला निघत होते, म्हणून आत्याने सगळ्यांना गप्प बसवलं होतं. पंख्याची कटकट तेवढी चालू होती. राजकुमार खाटेशेजारी जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसला, आणि सहज बघताना त्याला सहा तासांचा आकडा दिसला. अरे, आबांची फाईल घालायचीच राहिली. त्याने ती तिथूनच पाठवली. गेली. आणि पडद्याच्या तळाशी एक पिवळी पट्टी आली. त्या पट्टीवर काय लिहिलं होतं ते आता, बसमध्ये, अक्षर न्‌ अक्षर त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं: बदल पुढच्या स्टार्टपासून लागू. म्हणजे त्याने वाचलं होतं. माहीत नव्हतं हे खोटं. वाचलं होतं, आणि त्याने हातही पुढे केला होता, खिशावरून बटण दाबून धरायला, दहा सेकंद. पण आबांचा पंजा नेमका त्या खिशावर होता. मापाच्या दोरीने घट्टे पडलेला, आता नुसत्या हाडांचा राहिलेला तो हात. तो उचलला असता तर आबा जागे झाले असते, आणि जागे होताना ते फार घाबरत, आई कुठे म्हणून विचारत, आणि सत्तर वर्षांपूर्वी गेलेली ती आई नाही म्हटलं की नव्याने रडत. राजकुमारने आपली बोटं त्या हातावर क्षणभर ठेवली. कातडी गरम आणि कागदासारखी कोरडी होती. मग त्याने हात मागे घेतला. जाताना करू, असं ठरवलं. जाताना सीताफळाच्या झाडाखाली दादाशी शेताच्या वाटणीवरून जरा बोलाचाली झाली, बसची वेळ झाली, आणि तो निघून गेला. पिवळ्या पट्ट्या अशाच असतात, असंही त्याने मनाशी म्हटलं असेल. जुन्या लायब्ररीतही त्या येत आणि त्यांचा काही अर्थ नसे.

उंद्रीच्या फाट्यावर तो उतरला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आबा मार्केटातल्या भांडणांत नेहमी वापरत. आपल्या घरात ती अशी लागू पडेल हे त्यांना वाटलं नसेल. घरी उत्तमदादा ओसरीत खाटेवर बसला होता. वहिनी, गीताबाई, सुपात मूग पाखडत होती. आतल्या खोलीत आत्याच्या पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजल्याचा आवाज आला. वहिनीने पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. “बरं झालं आला,” दादा म्हणाला. “उद्या महादेवराव येऊन राह्यले दहाच्या बसनं. आत्याले लुगडं घेतलं एक. आपल्याकडून कमी नको.” राजकुमार खाली बसला. गाडीत जुळवलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. “दादा, आबाच्या अंगावरचं मशीन त्या दिवशी बोललंच नाई.” “ते आज माईत झालं का तुले? मशीन मुकं होतं हे गावाले माईत हाये. म्हून तं म्हणतो, माणूस घरात पाह्यजे होतं.” पाहा, किती सोपं होतं. यंत्राचा दोष सांगून काहीच होत नव्हतं. यंत्राला कोणी गावात नावं ठेवत नाही. खापर फोडायला डोकं लागतं.

“मुकं नव्हतं ते,” तो म्हणाला. “मी मुकं केलं.” आणि मग त्याने सांगितलं. लायब्ररी वगैरे शब्द टाळून, शेतकऱ्याला सांगावं तसं. की त्याला दर पाच मिनिटांनी बोल असं सांगून ठेवलं होतं, पण सांगितलेलं त्याच्या डोक्यात जायला ते एकदा बंद करून चालू करावं लागतं, ते मी केलं नाही, करायचं आहे हे मला दिसलं होतं, तरी केलं नाही. वहिनीचं सूप थांबलं. दादा किती तरी वेळ अंगठ्याच्या नखाने खाटेची पट्टी खरवडत राहिला. राजकुमारला वाटलं आता हा उठेल आणि मारेल. मारावं असं त्याला फार वाटत होतं. दादाने विचारलं, “हे कोणाले सांगतलं?” “कोणालेच नाई.” “मंग सांगू नको.” त्याचा आवाज रागाचा नव्हता, उलट फार मायेचा होता. “ऐक माह्यं. पंचक्रोशीत तुह्या मशीनी हायेत. बापाच्याच अंगावरची चालली नाई, तेबी याच्याच चुकीनं, असं एकडाव उठलं नं, लोकं खांब उपटून बांधावर फेकतीन. तुह्ये लेकरं शाळेत हायेत. आत्याचं काय? म्हातारं माणूस. चार दिवस बोलतीन लोकं, इसरून जातीन. अन् ती तशीबी जाऊनच राह्यली.” खोटं कशाला सांगा, राजकुमारला क्षणभर बरं वाटलं. उन्हातून येऊन माठाला हात लावावा तसं बरं वाटलं. आपण बोललो, आपलं काम झालं, आता थोरल्या भावाचा हुकूम. त्या बरं वाटण्याची त्याला इतकी शिसारी आली, की हातातला चहाचा कप त्याने तसाच खाली ठेवला.

“राजू.” आतल्या दारात आत्या उभी होती. कधीपासून होती, देव जाणे. चार महिन्यांत ती केवढीशी झाली होती. लुगड्यातून मनगटं काड्यांसारखी निघाली होती. “पाच मिन्टानं वाजलं असतं का ते?” “हाव, आत्या.” “पाच मिन्टात तो कुठलोक गेला असता?” त्याने डोळ्यांपुढे ती वाट आणली. लाभ, दोन, तीन. “मारुतीच्या देवळालोक. त्याच्यापुढी नाई.” “तू फोन केला असता.” “हाव.” “मी पळत गेली असती.” “हाव.” “सापडला असता तो मले.” “सापडले असते, आत्या.” ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. रडली नाही. तिच्या त्या चार महिन्यांच्या रात्री राजकुमारला एकाएकी दिसल्या. रोज ती आळीतून धावत निघते आहे, रोज उशीर होतो आहे. त्याला तिच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, पण तेही स्वतःसाठीच झालं असतं, म्हणून तो जागचा हलला नाही. “मी तुले कडीचं बोललो होतो,” तो म्हणाला. “तेराव्याले.” “हाव,” आत्या म्हणाली, “बोलला होता तू.”

मग ती उठली. डोक्यावर पदर घेतला, तो नीट कानामागे खोवला, आणि ओसरी ओलांडून बाहेरच्या दाराकडे चालू लागली. दादा दचकला. “आत्या, कुठी चालली व?” ती थांबली नाही. बाहेर गल्लीत पाचाच्या सुमाराला आळीतल्या बायका ओट्यांवर मुगाच्या शेंगा फोलत बसतात. त्यांचा गलका आत येत होता. दादाला ते तेव्हाच उमगलं. तो राजकुमारवर खेकसला, “थांबव नं बे तिले! समजून राह्यलं का तुले ती काय कराले चालली?” राजकुमारला समजत होतं. सात वर्षं, दोन खोल्या, बांधांवरचे पांढरे खांब, मंजुश्रीचा पगार, सगळं समजत होतं. दारापर्यंत चार पावलं होती. त्याने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, न जाणो आपण उठू, आणि तसाच बसून राहिला. बाहेरचा गलका एकदम बंद झाला. चार महिन्यांनी झुंबरबाई उंबरठ्याबाहेर आली होती.

“ऐका व बायाहो,” तिचा आवाज आला, थोडा कापरा, पण मोठा. “शेषरावच्या अंगावर जे मशीन होतं, ते बिघडलं नव्हतं. राजूनं त्याच्यात पाच मिन्टं टाकले, पण ते एकडाव बंद करून चालू करा लागते. ते राह्यलं त्याच्याकडून. आताच आला तो बुलढाण्याहून, सोताच्या तोंडानं सांगतलं त्यानं.” कोणी तरी “अवं माय” म्हणालं. मग आत्या पुढे जे बोलली ते राजकुमारने कोणालाच सांगितलेलं नव्हतं. “तो हात लावाले गेल्ता. मी सैपाकाच्या दारातून पाह्यलं. दोन रात्रीनं झोपला होता बाप, खिशावर हात ठेवून. यानं त्याच्या हातावर हात ठेवला अन् मागं घेतला. मले वाटलं, लेकरू बापाले कुरवाळून राह्यलं. मी सरकली तथून, म्हटलं पाहू नये.” ओसरीत वहिनीने डोळ्याला पदर लावला. राजकुमारला बाप गेल्यापासून रडू आलं नव्हतं. स्मशानातही नाही, तेराव्यालाही नाही. आता ते आलं आणि त्याला थोपवायला काही उरलं नव्हतं. बाहेर एक बाई म्हणाली, “मंग तुही काय चूक व झुंबरबाई? त्याचीच हाये नं सारी.” “त्याची हाये,” आत्या म्हणाली. “माही बी हाये. कडी मी नाई लावली. पण आतालोक मी एकटीनंच उचलली. आता एका बाजूनं त्यानं बी धरावं.” “अन् उद्याचं कसं? जातं का तू?” “काऊन जाऊ? महादेवराव येतीन, त्यायले जेवू घालीन, अन् वापस धाडीन.”

दादा खाली मान घालून बसला होता. त्याने राजकुमारकडे पाहिलं नाही, आणि अडवलंही नाही. राजकुमार उठला, बाहीने तोंड पुसलं, आणि बाहेर ओट्यावर गेला. सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. त्यांतल्या दोघींच्या शेतात त्याची यंत्रं होती. त्यांनी नजर काढून घेतली नाही, आणि त्यानेही काढून घेतली नाही. आत्या एका पायरीवर बसून शेंगा फोलायला लागली होती. तिने त्याला ये म्हटलं नाही. मग तिच्या शेजारच्या बाईने आपलं सूप जरा अलीकडे ओढून घेतलं, आणि तेवढ्या जागेत तो बसला.